अर्ध्यावर उठवलेली माणसं

आमच्या घरची मोठी समई घासायचं काम माझ्याकडे होतं. घरातलं बाकीचं पितळ माय स्वतः घासायची, नाहीतर गिरजाबाई घासायची. पण त्या समईला मायने कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. "ते तू घास," एवढंच ती म्हणायची आणि चिंचेचा कोळ वाटीत काढून माझ्यापुढे सरकवायची. मला तो माझा मान वाटायचा. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागली की ती समई देवळात जायची, आणि पोथी वाचणाराही मीच. तेव्हा उजेडही माझा आणि आवाजही माझा, अशा ऐटीत मी ती राखेने घासत असे. कमरेएवढी उंच, वर मोर, मोराच्या पिसाऱ्यावर बारीक काम. बैठकीच्या खालच्या बाजूला बाबांचं नाव घातलेलं होतं. त्या नावाच्या भोवती पितळ खडबडीत होतं, कानशीने घासल्यासारखं. अंगठा फिरवला की तिथे अडायचा. एकदा मी बाबांना विचारलंही. ते हात धूत होते. "कारंज्याच्या बाजारातून जुनी घेतली," ते म्हणाले, "जुन्या भांड्याले असं असतेच." मी समाधान करून घेतलं. मेडशीच्या घाटात लग्नाची बैलगाडी लुटली गेली आणि पंधरवड्याच्या आत ही समई आमच्या घरात आली, या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवण्याइतका मी मोठा होतो. मी त्या ठेवल्या नाहीत. न ठेवायलाही कष्ट पडतात, हे मला फार पुढे कळलं.

घाटातल्या त्या लुटीपायी महिन्याभराने किसना एकटा पकडला गेला. तो आमच्याच गावचा, गावाच्या खालच्या अंगाला राहणारा. सोबतचे तोवर पळाले होते. आंदणाची भांडी, लुगडी, बाकीचं सगळं कुठे गेलं ते त्याने कधीच सांगितलं नाही. मार खाल्ला, अकोल्याच्या तुरुंगात गेला, पण तोंड उघडलं नाही. गिरजाबाई त्याची बायको. तो आत गेल्यावर बाबांनी तिला घरी कामाला ठेवलं. पहाटे जात्याच्या घरघरीबरोबर तिचं गाणं ऐकू येई, मग गोठ्यात शेणाच्या पाट्या, मग अंगणात सडा. भाकरी थापताना तिच्या बांगड्यांपेक्षा तिच्या तळहाताचाच आवाज मोठा असे. अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, मिरचीचा ठेचा असं जे आम्ही खात असू तेच माय तिच्या टोपल्यात घालायची, थोडं जास्तच. गावात बाबांचं नाव निघे. चोराच्या बायकोला भाकर देणारा माणूस, म्हणत. बाबा ते ऐकून मान खाली घालत. मला तो विनय वाटायचा.

किसना सुटून आला तेव्हा आषाढ संपत आला होता. तो थेट घरी गेला नाही, शिवेवरच्या बाभळीखाली बसून राहिला आणि निरोप धाडला. आमच्याकडे तुरुंगातून आलेल्या माणसाला गाव पंगतीत बसवत नाही तोवर तो गावचा नसतो. त्याच्या हातचं पाणी कुणी घेत नाही, त्याच्या घरी सोयरीक होत नाही. किसनाचा मुलगा तेव्हा लग्नाच्या वयाला आला होता. चार जाणते देवळाच्या पायरीवर बसले, बाबा मध्ये होते, आणि ठरलं ते असं: किसनाने श्रावणभर पोथी ऐकावी, जोड्यांपाशी बसावं, एक दिवस चुकवू नये, समाप्तीच्या दिवशी गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांच्या पंगतीत त्याला पान मांडावं. कुणीतरी म्हणालं, "जोड्यापाशी बसवता खरं, पन मंग घरी अनवानी जा लागंन." सगळे हसले. किसनाही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांच्या वहाणा चिखल पुसून जोडीने लावून ठेवायला लागला, आणि ज्याने ती थट्टा केली होती त्याच्या वहाणा सगळ्यात पुढे ठेवायचा. "तुमाले लवकर सापडाव म्हून," म्हणायचा.

पोथीची आमच्या गावात एक रीत होती. मी ओवी वाचायची आणि गोविंदबुवांनी अर्थ सांगायचा. बुवा म्हातारे, दात गेलेले, पण अर्थ सांगायला लागले की त्यांना वेळेचं भान राहत नसे. अध्याय चालू असताना कुणी एकटा उठून गेला, तर पुढचा भाग त्याला दुसऱ्या कुणाकडून ऐकता येत नसे. ज्याने वाचला त्यानेच त्याला हाताला धरून बसवायचं आणि तो उठला तिथून पुढे वाचून दाखवायचं. अर्धं ऐकलेलं अर्धंच लागू पडतं, बुवा म्हणत. एकदा गाय विते म्हणून एकजण मध्येच पळाला, तर दुसऱ्या दिवशी मला त्याच्या एकट्यासाठी पुन्हा घसा कोरडा करावा लागला, आणि तो गडी समोर बसून घोरत होता. सगळी सभाच उठली तर मात्र दोष नव्हता. पानात लाल दोरा घालायचा आणि उद्या तिथून सुरू करायचं.

वाटमाऱ्याचा अध्याय आला तेव्हा असंच झालं. कथा सगळ्यांना ठाऊक आहे, घरोघरी सांगतात. रानात वाट अडवणारा एक माणूस. त्याला एक साधू भेटतो आणि विचारतो, हे पाप तू ज्यांच्यासाठी करतोस ते त्यात वाटा घेतील का? जा, घरी जाऊन विचार. मी इथेच थांबतो. बुवांनी त्या दिवशी रान असं रंगवलं की बायकांनी पदर तोंडाशी नेले. साधूचा प्रश्न मी वाचला आणि बाहेर ओरड झाली, नाल्याला पूर आला. पलीकडच्या वस्तीचे लोक गडबडीने उठले, मग सगळेच उठले. मी पानात दोरा घातला. जोड्यांपाशी किसना तसाच बसून होता. त्याने त्या दिवशी कुणाच्या वहाणा पुढे केल्या नाहीत. लोकांनी आपापल्या शोधून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर दशमी खात होतो. आत माय आणि गिरजाबाई बोलत होत्या. गिरजाबाई सांगत होती, काल घरी आल्यावर किसना जेवायला बसला नाही. तिला आणि मुलाला समोर बसवलं आणि पोथीतला प्रश्न विचारला. मला हसू आलं. पोथी ऐकून कुणी असं घरी जाऊन करतं का, असं वाटलं. बैल दावणीला बांधावा तशी आम्ही पोथी देवळातच बांधून येत असू.

"मंग तू काय मनलं?" मायने विचारलं.

"काय मनू मी? खाल्लं तवा पुसलं नाही कुठून आनलं. लुगडं नेसलं तवा पुसलं नाही. मनलं, घेतो वाटा. अर्धा माहा."

पोथीत असं नव्हतं. पोथीत घरचे नाही म्हणतात, म्हणून तर पुढचं सगळं घडतं. माझा घास तोंडात तसाच राहिला. गिरजाबाईने पोथीच मोडली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. तव्यावर भाकर करपल्याचा वास आला, आणि आमच्या घरात भाकर कधी करपत नसे. मग मायने गिरजाबाईला आज लवकर घरी जा म्हणून सांगितलं, दुखतं का काहीतरी असं विचारलं, आणि टोपल्यात भाकरींवर भाकरी घालत राहिली.

त्या संध्याकाळी देऊळ भरलं होतं. पूर ओसरला होता, पण काळ्या मातीचा गारा सगळ्यांच्या पायांना घोट्यापर्यंत. मी पोथी उघडून दोरा काढला. समई पेटलेली होती. मी पहिली ओवी म्हणणार एवढ्यात बायकांच्या बाजूने गिरजाबाई उभी राहिली. पोथी सुरू होताना उभं राहिलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बुवांना वाटलं तिला काही चावलं.

ती बाबांकडे वळली. आवाज मोठा नव्हता. "मालक, तुमी भाकर देल्ली. ते मी नाही म्हनत नाही, मरेपरेंत नाही म्हननार नाही. पन यानं मले वाटा पुसला, मी घेतला. आता समाप्तीले हा पंगतीत बसंन. पोटात लपवून बसला तं रोडगा याच्या नरड्याखाली जाईन काय?"

"गिरजे, बस," किसना जोड्यांपाशी बसूनच म्हणाला.

ती बसली नाही. तिने बोट समईकडे केलं. "हे घाटातली हाय. त्या पोरीच्या आंदनातली. यानंच आनून देल्ली तुमाले. वाटा तिघायचा हाय."

इतकी माणसं असताना समईच्या वातीचा चरचर आवाज ऐकू येत होता. मी बाबांकडे पाहिलं. ते रागावतील, उठतील, असं वाटलं. ते तसेच मांडी घालून बसलेले होते, चेहरा दर सोमवारी देवाला बेल वाहतानाचा. "कारंज्याहून आनली," ते म्हणाले. "गावाले ठाऊक हाय."

तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"बापू, तुमी रोज घासता. तिच्या बुडाशी पयलं नाव खोडेल हाय का नाही, ते सांगा. तुमच्या पुढं पोथी हाय."

माझ्या उजव्या अंगठ्याला ती जागा आठवली. खरोखर आठवली, जणू पितळ आत्ता हाताखाली आहे. खोडलेल्या जागेत एका अक्षराचा काना राहून गेला होता, तो मला अंधारातही सापडला असता. समई उलटी करायला कुणी पुढे आलं नाही. माझ्या शब्दाच्या आधी समईला हात लावणं म्हणजे बाबांना चोर म्हणणं झालं असतं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. बाबा मात्र माझ्याकडे पाहत नव्हते. ते पोथीकडे पाहत होते, मी केव्हा सुरू करतो अशा नजरेने.

"नाही," मी म्हणालो.

मी ते इतकं सहज म्हणालो की मलाच धक्का बसला. खोटं बोलताना जीभ अडखळते असं ऐकलं होतं. माझी अडखळली नाही. ओवी म्हणतो त्याच आवाजात मी ते म्हणालो, आणि म्हटल्यावर लक्षात आलं की पुढच्याच ओळीत, दोरा होता त्याच्या खाली, वाटमाऱ्याच्या घरची माणसं हाच शब्द म्हणतात. तो शब्द मला त्या संध्याकाळी वाचायचाच होता. मी तो थोडा आधी वाचला.

त्यानंतर जे झालं ते फार लवकर झालं. कुणी म्हणालं, ज्याचं खाल्लं त्याच्यावरच उलटली. कुणी म्हणालं, चोराची ते चोराचीच. ज्या बायकांनी काल वाटमाऱ्याच्या कथेत पदर तोंडाशी नेले होते त्यांनी आपली मुलं तिच्याजवळून ओढून घेतली. बाबा एकच शब्द बोलले, "उठा." किसना उठला. त्याच्यापुढे वहाणांचा एक जोड उलटा पडला होता, तो त्याने सुलटा करून ठेवला. दारातून तो मला म्हणाला, "वाचा बापू. गावाले अर्ध्यावर नोका ठेवू." त्यात टोमणा नव्हता. मी आयुष्यभर शोधला, पण त्यात टोमणा नव्हता.

आणि मी वाचलं. तो माणूस घरून परत आला, एकटा, त्याने हातातलं हत्यार टाकलं, झाडाखाली बसला, ऋतू त्याच्या अंगावरून गेले, आणि तो उठला तेव्हा दुसराच कुणी होता. लोक रडले. माझा आवाज त्या दिवशी फार चांगला लागला होता, असं नंतर दोन-तीन जणांनी मला सांगितलं. ती माणसं चिखलातून खालच्या अंगाला चालत जात होती आणि इथे एक पापी तरला म्हणून सगळे डोळे पुसत होते.

घरी जेवायला बसलो. बाबा आमच्या पानात कधी काही वाढत नसत, ते मायचं काम. त्या रात्री त्यांनी तुपाची वाटी स्वतः हातात घेतली आणि माझ्या वरणावर तूप घातलं. एक पळी, मग दुसरी. मायने खाली पाहून पदराने डोळे टिपले, धुराने टिपावे तसे. मी ते तूप खाल्लं. ते चांगलं कढवलेलं, रवाळ होतं. आपल्या बापाने पहिल्यांदा प्रेमाने वाढलं याचं सुख आणि ते कशासाठी वाढलं हे कळल्याचा हादरा, दोन्ही एकाच घासात होते, आणि मला ते वेगळे करता आले नाहीत.

आठवडा संपायच्या आत त्यांनी घर सोडलं. गिरजाबाईचं माहेर रिठदला होतं, तिकडे गेले असं कळलं. समाप्तीला रोडगे भाजले गेले, गोवऱ्यांचा धूर देवळाच्या कळसापर्यंत गेला, वांग्याची भाजी नेहमीसारखी तिखट झाली. पंगतीत कुठेही एक पान कमी दिसलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

पुढच्या श्रावणात माझा आवाज बसला असं सांगून मी पोथी सोडली. मास्तरकी धरली, दुसऱ्या गावी गेलो. पुस्तकं पुष्कळ वाचली, परक्या मुलखातलीही. सगळीकडे मला तोच वाटमाऱ्या भेटला, वेगळ्या नावाने, वेगळ्या कपड्यांत. कुठेतरी त्याला एक माणूस भेटतो, एक प्रश्न विचारतो किंवा एक दया दाखवतो, आणि तो पालटतो. वर्गात मुलांना मी ते शिकवलंही, मुलं डोळे मोठे करून ऐकत. पण एकटा वाचत असलो की त्या वळणाशी माझा हात पुस्तक मिटून टाकी. लोकांना वाटायचं मास्तर गहिवरले.

बाबा गेल्यावर घरातली भांडी वाटली गेली. समई मी मागून घेतली. कुणी हरकत घेतली नाही. मी ती पोत्यात गुंडाळली आणि रिठदची वाट विचारत गेलो. गिरजाबाई अंगणात सुपाने तूर पाखडत होती. केस पांढरे, हात तेच. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. "बापू," म्हणाली, "चूळ भरा," आणि तांब्या पुढे केला. त्यांच्या हातचं पाणी. मी ते प्यालो. किसना जाऊन तीन पावसाळे झाले होते. मुलाचं लग्न उशिरा झालं, लांबच्या मुलखातली सून आली, असं तिने सांगितलं.

मी पोतं सोडलं. समईकडे तिने पाहिलं, हात लावला नाही. "हे मले काहून? माही थोडीच हाय. जिची हाय तिले द्या." ती मी पुढे कुठे पोचवली ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते माझ्या खात्यावर पुण्य म्हणून चढेल.

मी बोलण्याचा प्रयत्न केला. वाटेत सगळं जुळवलं होतं. पण ती मध्येच म्हणाली, "एक काम करा बापू. तो अध्याय पुरा करा. हा मराले टेकला तवा इथल्या लोकायनं मनलं, पोथी लावतो. हा मनला, नोको. मले अर्ध्यावर उठवलं हाय, ज्यानं वाचली तोच बसवन. मीबी तवापासून कोनाची आयकली नाही."

एवढी वर्षं ते दोघं देवळाच्या दारातच उभे होते, माझ्या हाताची वाट पाहत. मी उठलो, तिला हाताला धरून ओसरीवर बसवलं आणि पाठ होतं तसं सुरू केलं, दोऱ्याच्या खालच्या ओळीपासून. घरचे नाही म्हणतात ती ओवी आली तेव्हा या वेळी मात्र माझी जीभ अडखळली. तिने वाट पाहिली. मी पुढे गेलो, शेवटपर्यंत गेलो.

"सुटला?" तिने विचारलं.

"सुटला."

"बरं झालं," ती म्हणाली. दाराच्या कोपऱ्यात किसनाची काठी टेकून ठेवलेली होती, तिकडे पाहून म्हणाली. मग सूप उचललं, दोन वेळा पाखडलं आणि थांबली. "अन् घरचे? ज्यायनं नाही मनलं, त्यायचं मंग काय झालं?"

"पोथीत नाही ते."

"पोथीत नसंन," ती म्हणाली. "तुमाले तं ठाऊक असंन."

ती मला बोल लावत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. संध्याकाळ व्हायला अवकाश होता. सुपातली तूर तिने बाजूला ठेवली आणि ऐकायला बसतात तशी नीट बसली. मी त्या रात्रीच्या तुपापासून सुरुवात केली.